पाणी ओसरल्यावर आणि आग विझल्यावर घर कसे सावरावे?

सभासद बंधू-भगिनींनो,

या पानावर आम्ही दर अंकात बेणे, लागण, खोडवा, खतांच्या मात्रा आणि पाचट यांविषयी लिहीत असतो. या वेळी विषय थोडा वेगळा घेतला आहे. कारण असे की, महापुरानंतर गट कार्यालयात येणारा सभासद पहिला प्रश्न उसाचाच विचारतो. ऊस किती दिवस पाण्यात राहिला, शेंडा कुजला का, तोड लवकर मिळेल का, हे सगळे विचारून होते. मग उठून दारापर्यंत जातो, तिथे थांबतो आणि म्हणतो, "साहेब, घराचं काय करावं?" हा दुसरा प्रश्न पहिल्यापेक्षा मोठा असतो, हे मला सन २०१९ नंतर कळले. त्या साली आमच्याही घरात पाणी होते.

मी शेतकी पदविका घेतलेला माणूस आहे, इंजिनियर नव्हे. तेव्हा खाली दिलेली माहिती ही इंजिनियरच्या सल्ल्याची जागा घेणारी नाही. पण इंजिनियर येईपर्यंत काय करावे आणि विशेषतः काय करू नये, एवढे जरी आपल्या ध्यानात राहिले तरी पुष्कळ नुकसान टळते. यातल्या काही गोष्टी मी चूक करून शिकलो आहे. त्या चुका सांगायला संकोच वाटत नाही, कारण त्या आपल्या हातून होऊ नयेत हाच या लेखाचा हेतू आहे.

१. आपला मुलूख आणि आपली घरे

सह्याद्रीच्या पायथ्याचा आपला भाग. घाटमाथ्यावर पाऊस कोसळला की तो कोयना, वारणा, पंचगंगा या वाटांनी आपल्याच दाराशी येतो. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट धरतात. सन २०१९ च्या ऑगस्टमध्ये तिथे पाणी ५५ फुटांपलीकडे गेले. सांगलीत आयर्विन पुलाजवळ धोका पातळी ४५ फूट असता पाणी ५७ फुटांपर्यंत चढले. सन २००५, २०१९ आणि २०२१ असे तीन मोठे पूर एका पिढीने पाहिले. म्हणजे आता पूर ही आजोबांच्या गोष्टीतली बाब राहिलेली नाही.

हाच मुलूख उन्हाळ्यात उलटा होतो. डोंगर पिवळे पडतात, वणवे लागतात, गोठ्यात पिंजर आणि कडबा रचलेला असतो, शिवारात पाचट वाळलेले असते. पावसाळ्यात पाणी आणि उन्हाळ्यात आग, या दोन्हींच्या मध्ये आपली घरे उभी आहेत.

घरेही एका प्रकारची नाहीत. कुठे दगडी जोत्यावर पांढऱ्या मातीच्या भेंड्यांची भिंत आणि वर कौले. कुठे विटेची भिंत आणि पत्रा. कुठे स्लॅब. पुष्कळ ठिकाणी तर समोरचा सोपा नवा, विटा-सिमेंटचा आणि मागचे माजघर जुने, मातीचे. दुरुस्तीची पहिली पायरी म्हणजे आपली कोणती भिंत कशाची आहे हे नीट ओळखणे. सिमेंटला जे औषध, ते मातीला विष ठरते. हे पुढे सविस्तर येईल.

२. पाणी ओसरल्यावर घरात शिरताना

पाणी उतरले की घरात कधी एकदा जातो असे होते. पण घाई करू नये. आधी घराला बाहेरून एक फेरी मारावी. भिंत फुगली आहे का, कोपऱ्यात उभी चीर गेली आहे का, आढे वाकले आहे का, जोत्याखालची माती वाहून पोकळी झाली आहे का, हे पाहावे. भेंड्याची भिंत पाण्यात असताना पडत नाही तेवढी पाणी उतरल्यावर पडते. कारण आतली माती भिजून जड आणि मऊ झालेली असते आणि बाहेरून पाण्याचा जो दाब तिला धरून होता तो गेलेला असतो. म्हणून पहिले दोन-तीन दिवस मातीच्या भिंतीजवळ झोपू नये, लेकरांना खेळू देऊ नये आणि जनावरे बांधू नयेत. भिंत झुकलेली दिसली तर आधी तुळईला लाकडी टेकू द्यावेत, मग आत जावे.

विजेचे मेन स्विच बंद आहे याची खात्री करावी. मात्र ओल्या जमिनीवर उभे राहून किंवा ओल्या हाताने त्याला हात लावू नये. बोर्डापर्यंत पाणी असेल तर खांबावरूनच पुरवठा बंद करण्यास महावितरणच्या माणसास सांगावे. गॅसचा वास आला तर दारे-खिडक्या उघडून बाहेर यावे. बटण चालू करू नये, बंदही करू नये, काडी ओढू नये. पाण्यात तरंगलेली टाकी एजन्सीला परत द्यावी, तशीच जोडू नये.

फळीवर, कपाटामागे, चुलीच्या भानोशीत साप आणि विंचू आसरा घेतात. काठीने आवाज करून, उजेडात आणि पायात गमबूट घालून सामान हलवावे. पायाला जखम असेल तर गाळात उतरूच नये. पुराच्या पाण्यातून लेप्टो नावाचा ताप येतो आणि तो जखमेतून शिरतो. ताप, अंगदुखी, डोळे लाल अशी लक्षणे दिसली तर आरोग्य केंद्रात जाऊन आपण पाण्यात काम केले होते, हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

आणि एक गोष्ट साफसफाईच्या आधी करावी. मोबाईलवर फोटो काढून ठेवावेत. पाण्याची रेघ भिंतीवर दिसते ती, पडलेला भाग, भिजलेले धान्य, गाळात बसलेली शेगडी, सगळे. पंचनामा होईपर्यंत मोडलेले सामान दारापुढे एका बाजूस रचून ठेवावे. नीटनेटके घर करून बसल्यावर नुकसान दाखवणे कठीण जाते.

३. गाळ, पाणी आणि विहीर

गाळ ओला असतानाच काढावा. वाळला की तो सिमेंटसारखा धरतो. गाळ काढायला आपल्याकडे पैरा पद्धत आहे तिचा उपयोग करावा. दहा घरांनी एकत्र येऊन रोज दोन घरे उरकली तर पाच दिवसांत गल्ली मोकळी होते. एकट्याने कंबर मोडून घेण्यात अर्थ नाही.

विटा-सिमेंटची भिंत वरून खाली धुवावी. मातीच्या भिंतीवर मात्र पाण्याचा फवारा कधीही मारू नये. औषध फवारणीचा पंप घेऊन गाळ धुतलेली भिंत मी कोसळलेली पाहिली आहे. तिथे खराटा आणि खुरपे एवढेच पुरे.

फरशीवर पायाने ठोकून पाहावे. पोकळ आवाज आला तर खालची माती वाहून गेली आहे असे समजावे. अशी फरशी काढून, भराव ठोकून, मग बसवावी.

विहिरीत पुराचे पाणी शिरले असेल तर ते उपसून, गाळ काढून, नव्याने पाझरलेल्या पाण्यात टीसीएल पावडर घालावी. मात्रेचा हिशेब सोपा आहे. विहिरीचा व्यास मीटरमध्ये घ्यावा, त्याला त्याच आकड्याने गुणावे, मग पाण्याच्या खोलीने आणि शेवटी ०.७८५ ने गुणावे. उत्तर घनमीटरमध्ये येते. एक घनमीटर म्हणजे १,००० लिटर. दर १,००० लिटरला चांगल्या प्रतीची २.५ ग्रॅम पावडर लागते.

उदाहरण: व्यास ४ मीटर, पाणी ५ मीटर. ४ × ४ × ५ × ०.७८५ = ६२.८ घनमीटर. त्यास २.५ ने गुणता १५७ ग्रॅम, म्हणजे सुमारे १६० ग्रॅम.

पावडर बादलीत कालवून, चुनखडी खाली बसू देऊन, वरचे निवळ पाणी विहिरीत सोडावे आणि ढवळावे. किमान एक तास पाणी वापरू नये. पाणी अजून गढूळ असेल तर मात्रा जास्त लागते. अशा वेळी आरोग्य कर्मचाऱ्याकडून ओटी टेस्ट करून घ्यावी आणि तोवर पाणी उकळूनच प्यावे. न्हाणीघर, संडास धुताना टीसीएल आणि ॲसिड एकत्र वापरू नये. त्यातून विषारी वायू निघतो.

४. भिंत वाळू द्यावी: सर्वांत महत्त्वाची बाब

आता आमच्या घरची हकीकत सांगतो. आमचे जुने घर नदीकाठच्या गावात. मागच्या भिंतीला जोत्यावर दोन फूट दगडी बांधकाम, त्यावर भेंडे. सन २०१९ मध्ये घरात अडीच फूट पाणी पाच दिवस होते. म्हणजे भेंडा फक्त अर्धा फूट बुडाला. भिंत पडली नाही याचा मला केवढा आनंद. दिवाळीच्या आत घर लखलखीत करायचे म्हणून मी गवंडी लावला आणि मागच्या भिंतीला आतून-बाहेरून सिमेंटचा पक्का गिलावा करून घेतला. वर ऑईल पेंट. गवंडी म्हातारा होता. तो म्हणाला, "साहेब, भिंतीला जरा वारं लागू द्या." मी म्हटले, दिवाळी तोंडावर आली आहे. त्याने मग काही म्हटले नाही.

पुढच्या जूनमध्ये पहिला मोठा पाऊस झाला आणि रात्री मागची भिंत सहा फूट लांबीत आत बसली. आई त्याच भिंतीला लागून खाटेवर झोपत असे. त्या आठवड्यात ती बहिणीकडे गेली होती. सकाळी आम्ही खाट बाहेर काढली तेव्हा तिचे चारही पाय मोडलेले होते.

ढिगारा उपसताना कारण स्वच्छ दिसले. वरचे भेंडे खणखणीत कोरडे, आणि दगडाच्या वरचा दीड-दोन फुटांचा थर कालवलेल्या पिठासारखा. म्हणजे भिंत अर्धा फूट भिजली होती, पण ओल वर चढत गेली होती. दिव्याची वात जसे तेल वर ओढते तशी माती आणि वीट पाणी वर ओढते. ते पाणी भिंतीच्या तोंडातून उडून जायचे असते. मी दोन्ही तोंडे सिमेंट आणि रंगाने बंद केली. मग ओल आतच राहिली आणि आठ महिने तिने भिंत आतून खाल्ली.

यातून काढायचे नियम असे:

(अ) पाण्याची रेघ जिथे दिसते तिच्या वर एक ते दीड फुटापर्यंत जुना सिमेंटचा गिलावा काढून भिंत उघडी करावी.

(आ) जुन्या बांधकामाचा ठोकळ हिशेब असा की, भिंतीच्या एक इंच जाडीस वाळायला सुमारे एक महिना लागतो. नऊ इंची विटेची भिंत म्हणजे आठ-नऊ महिने. दीड-दोन फुटी मातीच्या भिंतीस वर्षही कमी पडते. पावसाळ्याचे महिने यात फारसे धरू नयेत. खरी वाळवण दसऱ्यानंतर सुरू होते आणि उन्हाळ्यात पुरी होते.

(इ) भिंत वाळली की नाही हे हात लावून कळत नाही. हातभर लांब-रुंद प्लॅस्टिकचा कागद भिंतीला चारही कडांनी चिकटपट्टीने घट्ट लावावा. दुसऱ्या दिवशी कागदाच्या भिंतीकडील बाजूस दंव दिसले तर भिंतीत ओल आहे. खोलीकडील बाजूस दिसले तर ती हवेतली ओल. ही परीक्षा महिन्यातून एकदा करावी. पैसा लागत नाही.

(ई) भिंतीवर पांढरा लोणा फुटला तर तो कोरड्या ब्रशने झाडून, गोळा करून बाहेर टाकावा. धुतला तर तो पुन्हा भिंतीत जिरतो.

(उ) कोरड्या हवेच्या दिवशी समोरासमोरची दारे-खिडक्या उघडी ठेवावीत, पावसाच्या आणि धुक्याच्या वेळी बंद करावीत. कपाट, कणगी, खाट भिंतीपासून वीतभर पुढे घ्यावी.

सभासद विचारतात, मग वर्षभर उघड्या भिंतीत राहायचे काय? तसे नाही. मातीच्या भिंतीला मातीचाच गिलावा करावा. चाळलेली माती, भाताचे तूस आणि शेण यांचा गारा आठ दिवस भिजवून, रोज तुडवून, पातळ थरांत लावावा. वरून चुन्याची सफेदी. माती आणि चुना दोन्ही ओलीला वाट देतात आणि चुन्याने बुरशीही आटोक्यात राहते. चुना विरवताना डोळे सांभाळावेत. ऑईल पेंट मातीच्या भिंतीला कधीच नको. विटेच्या भिंतीला तो पहिल्या वर्षी नको.

भिंतीचा तळ खचला असेल तर सगळी लांबी एकदम उकरू नये. टेकू देऊन, तीन-तीन फुटांचे तुकडे, एकाआड एक, दगडात बांधून घ्यावेत. पहिला तुकडा धरल्याशिवाय शेजारच्याला हात लावू नये.

आमची भिंत मी त्याच म्हाताऱ्या गवंड्याकडून अशीच पुन्हा बांधून घेतली. सन २०२१ ला पुन्हा पाणी आले. भिंत उभी आहे.

५. पाण्यामागून आग येते

पुराच्या घरात आग कशी लागेल, असे कोणालाही वाटेल. पण आमच्या गटातील एका सभासदाचे घर सन २०२१ च्या पुरानंतर नवव्या दिवशी जळाले. मीटरचा बोर्ड पाण्यात बुडाला होता. बाहेरून तो वाळलेला दिसत होता, आत स्विचमध्ये गाळ बसून होता. गावात वीज आली, सर्वांनी टाळ्या वाजवल्या. ह्यांनीही मेन चढवला. रात्री दोनच्या सुमारास बोर्डाने पेट घेतला आणि वर माळ्यावर पिंजर होती. घरातली पाच माणसे बाहेर आली, एक म्हैस गेली. आग विझवण्यासाठी गावाने पाणी मारले आणि नुकती उघडी पडलेली भिंत पुन्हा भिजली. पाण्याने जे ठेवले होते ते आगीने नेले, आणि आगीने जे ठेवले ते पुन्हा पाण्यात.

म्हणून: बुडालेले स्विच, सॉकेट, मीटरबोर्ड वाळवून वापरू नयेत, बदलावेत. वायरिंग वायरमनकडून तपासून, अर्थिंग पाहून, मगच मेन चढवावा. नवीन बोर्ड पाण्याच्या जुन्या रेघेच्या वर बसवावा. गळतीचा प्रवाह ओळखून वीज तोडणारा स्विच बसवून घ्यावा. त्याची किंमत म्हशीच्या किमतीपुढे काही नाही.

भिंत लवकर वाळावी म्हणून बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपण्याची चूक करू नये. आग लागते ते वेगळेच, पण त्या धुरातला विषारी वायू वासाने कळत नाही आणि माणूस झोपेतच जातो.

ओली वैरण पुन्हा गंजीत रचू नये. ओल्या वैरणीत कुजण्याची उष्णता साठते आणि दोन-चार आठवड्यांनी गंज आतून आपोआप पेटू शकते. शंका असेल तर लोखंडी पहार गंजीच्या पोटात खुपसून पाव तास ठेवावी. काढल्यावर हातात धरवत नसेल तर धोका आहे. अशी गंज घाईने विस्कटू नये, वारा लागून भडका होतो. पाणी आणि माणसे जवळ ठेवून, शक्यतो अग्निशमन दलास बोलावून, मगच उघडावी.

पाचटाबद्दल आम्ही नेहमीच सांगतो, इथे एकच ओळ. जाळलेल्या पाचटाची ठिणगी बांध ओलांडून गोठ्यावर आणि तोडणी मजुरांच्या कोप्यांवर जाते. पाचट सरीत ठेवून टनास ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट आणि १ किलो कुजविणारे जिवाणू घातले तर जमिनीलाही फायदा आणि घरालाही. डोंगराकडेच्या वाड्यांनी होळीच्या आधीच घर आणि गंज यांच्याभोवती गवत कापून, मोकळा जाळपट्टा काढून घ्यावा.

६. जळालेल्या घराची पाहणी

आग विझली असे वाटते, पण तुळईच्या पोटात, कौलाखाली, धान्याच्या राशीत ती धुमसत असते. पहिली रात्र दोन माणसांनी राखण करावी. पाण्याच्या बादल्या भरून ठेवाव्यात. वरचे अर्धवट लटकलेले वासे, कौले आधी लांबून काढावीत.

लाकूड: ऐन, जांभूळ, साग यांचे जाड लाकूड एकदम राख होत नाही. वरून कोळसा होत जातो आणि तो कोळसाच आतल्या लाकडाला थोडे वाचवतो. अर्ध्या तासात साधारण पाऊण ते एक इंच जळते. म्हणून काळी पडलेली तुळई लगेच फेकूही नये आणि "आत चांगली आहे" म्हणून तशीच ठेवूही नये. सुताराकडून वाकसाने कोळसा तासून पाहावे. उरलेल्या लाकडाचे माप घ्यावे. तुळईची ताकद ही रुंदी गुणिले उंची गुणिले उंची अशी धरतात.

उदाहरण: वर सांगितलेल्या सभासदाची तुळई ६ इंच रुंद, ८ इंच उंच होती. दोन्ही बाजूंनी आणि खालून एक-एक इंच गेले. उरली ४ बाय ७. आधीचा हिशेब ६ × ८ × ८ = ३८४. आताचा ४ × ७ × ७ = १९६. डोळ्याला तुळई जाडजूड दिसत होती, पण ताकद निम्मी झाली होती. तिच्याखाली मध्ये एक खांब देऊन ती वापरता आली. खांब न देता वर माळा रचला असता तर पुढच्या सुगीत ती बसली असती.

स्लॅब: हातोडीने हळू ठोकावे. भद्द आवाज आला, पापुद्रे निघाले, सळई उघडी दिसली किंवा स्लॅब मध्ये लोंबला असेल तर खालून टेकू देऊन इंजिनियरला दाखवावे. वरून गिलावा करून झाकू नये. रंग बदलला नाही म्हणून स्लॅब चांगला, असेही समजू नये.

पत्रा आणि लोखंड: वाकलेले अँगल ठोकून सरळ करून पुन्हा वापरू नयेत. जस्त जळालेला पत्रा लवकर गंजतो. सिमेंटचे जुने पत्रे आगीत फुटतात आणि त्यांत ॲस्बेस्टॉस असते. त्यांचे तुकडे पाणी मारून, तोंडाला मास्क लावून गोळा करावेत आणि पुरावेत. कुटून रस्त्यावर टाकू नयेत.

काजळी: पहिल्याच दिवशी ओले फडके फिरवले की काजळी भिंतीत शिरते. आधी कोरड्या ब्रशने, कोरड्या फडक्याने झाडावी. मग धुण्याचा सोडा आणि साबणाच्या पाण्याने, पक्क्या भिंतीवर खालून वर असे पुसत जावे, म्हणजे ओघळाचे डाग पडत नाहीत. मातीच्या भिंतीचा काजळलेला थर खरवडून नवा गिलावा करणेच बरे. धुरात राहिलेले पीठ, तेल, औषधे टाकून द्यावीत.

छप्पर गेले असेल तर भिंतीच्या माथ्यावर ताबडतोब ताडपत्री घालावी. आगीतून वाचलेली मातीची भिंत पुढच्या एका वळवात जाते.

७. जागाच धोक्याची असेल तर

सन २०१४ च्या ३० जुलैला माळीण गाव डोंगराखाली गेले. सन २०२१ च्या जुलैत पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथे दरडी आल्या. ही आपल्यासारखीच पायथ्याची गावे. म्हणून दुरुस्तीस पैसा घालण्याआधी घरामागच्या उतारावर चढून पाहावे. जमिनीला नव्या भेगा, झाडे किंवा खांब कललेले, नवीनच फुटलेला झरा, झऱ्याचे पाणी अचानक गढूळ होणे, घराची दारे एकाएकी न लागणे, ही जमीन सरकत असल्याची चिन्हे आहेत. ती दिसली तर भिंत दुरुस्त करून उपयोग नाही. ग्रामपंचायत आणि तहसील कार्यालयाला लेखी कळवून पाहणी मागावी आणि पावसाळ्यात तिथे मुक्काम करू नये. वाडवडिलांची जागा सोडणे जड जाते, हे मान्य. पण घर माणसांसाठी असते.

घर नव्याने बांधायचे असेल तर जोते जुन्या पाण्याच्या रेघेच्या वर घ्यावे. आपला भाग भूकंपाचाही आहे. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा धक्का जुन्या माणसांना आठवतो. म्हणून दगडी भिंतीत जागोजाग आरपार दगड घालावेत आणि दाराच्या माथ्याच्या पातळीत सर्व भिंतींना बांधणारा सलग पट्टा द्यावा.

८. कागदपत्रे आणि मदत

पंचनाम्यासाठी तलाठी, म्हणजे आताचे ग्राम महसूल अधिकारी, यांना लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी. आगीच्या बाबतीत पोलीस ठाण्यातील पंचनामा आणि अग्निशमन दलाचा दाखला घ्यावा. मदतीच्या रकमा शासन निर्णयाप्रमाणे बदलतात, तेव्हा चालू दर तहसील कार्यालयातच विचारावा, ऐकीव आकड्यावर विसंबू नये. विमा असेल तर पहिल्याच दिवशी कळवावे.

भिजलेले कागद उन्हात टाकू नयेत, एकमेकांपासून ओढून काढू नयेत. वर्तमानपत्राच्या घड्यांत सावलीत वाळवावेत. अर्धवट जळालेल्या नोटा टाकून न देता बँकेत विचारावे. फारच कोळसा झालेल्या नोटांचा दावा रिझर्व्ह बँकेच्या कार्यालयात करता येतो. सातबारा पुन्हा मिळतो. कारखान्याचे शेअर सर्टिफिकेट गेले असेल तर शेअर्स विभागात अर्ज करावा.

थोडक्यात ध्यानात ठेवावे

१) आधी बाहेरून पाहणी, मग आत पाऊल.
२) आधी फोटो, मग झाडू.
३) बुडालेला बोर्ड बदलल्याशिवाय वीज चढवू नये.
४) ओल्या भिंतीला सिमेंट आणि रंग नको, माती आणि चुना चालतो.
५) ओली वैरण गंजीत नको.
६) जळालेल्या लाकडाचे माप घ्यावे, डोळ्याने ठरवू नये.
७) जमीन सरकत असेल तर भिंत बांधू नये.

सभासदांनी आपापल्या वाडीतील जुन्या गवंड्यांकडून आणि सुतारांकडून या बाबतीत अनुभव विचारून घ्यावेत. ते न विचारता सांगत नाहीत आणि एकदा सांगितले तर दुसऱ्यांदा सांगत नाहीत, हे मी अनुभवाने लिहितो आहे. ज्यांच्या घरात गेल्या पुरात पाणी आले होते त्यांनी हा अंक वाचून झाल्यावर प्लॅस्टिकचा एक कागद भिंतीला लावून पाहावा. दंव दिसले तर या वर्षी रंगाचा खर्च पुढे ढकलावा आणि शंका असल्यास गट कार्यालयात येऊन भेटावे. उसाच्या प्रश्नाबरोबर घराचाही विचारावा. दाराशी थांबण्याचे कारण नाही.

कळावे,

आपला,
ऊस विकास अधिकारी